पंगतीतली प्रथिने

राजापूरजवळच्या देवळात महाप्रसादाला शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी तूप आणि ताक दोन्ही नाकारले. "वासराचं दूध वासराला," ते म्हणाले. मासेही त्यांनी कधीचेच सोडले होते. पंच्याखालच्या त्यांच्या काटकुळ्या पोटऱ्या पाहून माझे जीवरसायनशास्त्र जागे झाले. उतारवयात प्रथिने कमी पडली की स्नायू झिजतात, असे बजावून मी त्यांना काळ्या वाटाण्याची उसळ दोनदा घ्यायला लावली.

पंगत उठली, त्यांना उठता येईना.

"गो बाय, वाटाणे पायांत कधी पोचतील?" ते कुजबुजले. "नाहीतर पुढच्या वर्षी मला खुर्चीवर बसवतील, एकट्याला."

शास्त्र आवरून मी खांदा पुढे केला, तर माझेच पाय बधिर झालेले. त्यांनी दंड धरून मला ओढले, मी त्यांना, आणि दोघेही कसेबसे उभे राहिलो. वाढप्यांनी कौतुक मात्र माझे केले.