संजाची गाडी

पाऊस सरला, ऊन जरा पिवळं पडलं आणि संध्याकाळी गार हवा सुटली की माझे हात शेण शोधू लागतात. हसू नका. आता मी इंदूरच्या राजेंद्र नगरात पुतण्याच्या घरी राहतो. इथल्या भिंतींना असा गुळगुळीत रंग आहे की माशीसुद्धा घसरून पडेल. पुतण्याची बायको म्हणते, "काका, भिंतीला हात लावू नका हो, डाग पडतात." मी हात खिशात घालतो. पण पितृपक्षाचे ते दिवस आले की खिशात चैन पडत नाही.

सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे माझी अक्कल कुठवर आहे ते लक्षात येईल. माझे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात घोड्यावर बसायचे. बाप घोड्यापुढे चारा टाकायचा. आणि मी मोतद्दार, म्हणजे घोड्यामागची लीद उचलायचो. अशी आमच्या घराण्यानं प्रगती केली. शाळेच्या दारापर्यंत मी गेलो होतो, पण ते मास्तरांचं तट्टू धरायला. ते तट्टू शिकलं असेल, मी नाही.

मग संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं. घोडे गेले, आणि मला सरकारी कचेरीत चपराशी केलं. डोक्यावर पगडी, हातात फायलींचे गठ्ठे. वाचता येत नसल्यामुळे गठ्ठा सीधा आहे की उलटा, ते मला बाबूच्या तोंडावरून कळायचं.

छत्रीबागेच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि अंगणात एक मातीची भिंत. भिंत माझी नव्हती, ती माझ्या पोरीची. एकच पोर आम्हाला. आपल्या मराठी घरांत भोंडला असतो, पण आमच्या गल्लीत मालवी पोरी जास्त, त्यामुळे ही संजा खेळायची. पितृपक्षात रोज संध्याकाळी कुंवार पोरी, चांगला नवरा मिळावा म्हणून, भिंतीवर शेणानं चित्र काढतात, त्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, आरती करतात, गाणी म्हणतात. आज पंखा, उद्या सातिया म्हणजे स्वस्तिक, परवा चौपट म्हणजे सोंगट्यांचा पट. नवमीला डोकरा-डोकरी. शेवटी मोठा किल्लाकोट काढायचा, त्यात बैलगाडी. त्या गाडीत बसून संजा सासरी जाते. ती पण एक पोरच ना.

बायको म्हणायची, "हे शेणाचं खूळ कुठून आणलं हिनं?" मी म्हणायचो, "बापाकडून. लीद नाही मिळाली, शेणावर भागवते." शेजारच्या काकीजींकडे गाय होती. रोज कचेरीतून आलो की पगडी काढायची, त्यांच्याकडून ताजं शेण आणायचं, आणि बागडीतून, म्हणजे कुंपणातून, गुलबास तोडायचा. गुलबास मोठा हुशार. दिवसभर तोंड मिटून बसतो आणि पोरींच्या खेळायच्या वेळेला उमलतो. पोर ओरडायची, "बाबा, पिवळी पाहिजेत, लाल नको!" मी परत बागडीकडे. कचेरीत साहेबानं इतकं पळवलं असतं तर मी राजीनामा दिला असता.

मग तिचं लग्न झालं. पुण्याला दिली. लग्नानंतर पहिल्या वर्षी मुलगी माहेरी येते आणि संजा उजवते, मतलब तिचा निरोप घेते. त्यानंतर खेळ बंद. मालव्यात हे कोणाला सांगावं लागत नाही. पुण्याला सांगावं लागतं, हे मला काय ठाऊक!

स्टेशनवर वऱ्हाड गाडीत चढलं. मी खिडकीपाशी जाऊन व्याह्यांना म्हणालो, "व्याहीबुवा, पोरीला संजाला पाठवा बरं का."

व्याही म्हणाले, "सांज्याला? अहो, सांजा आमच्याकडेही करतात. पुण्यात रवा मिळतो!"

सगळा डबा हसला. आता, शहाणा माणूस काय करेल? समजावून सांगेल. मी काय केलं? लोक हसताहेत म्हटल्यावर मला अजून चेव आला. म्हणालो, "पण आमच्या इंदूरचा सांजा खाल्ला ना, की माणूस सासरचा पत्ता विसरतो!" डबा परत हसला. खिडकीत पोर बसली होती, ती नाही हसली. म्हणाली, "बाबा, नीट सांगा ना त्यांना." एवढ्यात शिट्टी झाली. महूच्या दिशेनं गाडी निघून गेली आणि मी रुमाल हलवत राहिलो, जसं काही मोठं काम करून आलो.

जायच्या आधी पोरीनं एक डबी दिली होती. आत गुलबासाच्या बिया. "लावून ठेवा बाबा. मी येईन तोवर फुलं पाहिजेत." मी डबी स्वयंपाकघरात फळीवर ठेवली, मिऱ्यांच्या डबीशेजारी. गुलबासाची बी कधी पाहिली आहे? काळी, गोल, सुरकुतलेली, हूबहू मिरी. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला कळायला श्रावण उजाडला.

भिंतीखाली वाफा केला, खत घातलं, बागड बांधली. रोज सकाळी पाणी. काही उगवेना. तिकडे मला खोकला झाला, बायकोनं मिरी घालून काढा दिला. खोकला गेला, पण पोटानं असा दंगा केला की मी दोन दिवस लोटा खाली ठेवला नाही. बायकोनं मिऱ्यांची डबी उन्हात नेऊन नीट पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, तुम्ही जमिनीत काय पेरलंत?"

बागडीपलीकडून काकीजी सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "क्यों भिया, कालीमिरच को पानी पिला रिये थे? गरम मसाला उगाओगे क्या?" मग हसू आवरून आपल्या दारातली गुलबासाची रोपं कंदासकट उपटून मला दिली. "बाई आयगी तो फूल मिलना चइये," म्हणाल्या. काकीजी पण माझ्या पोरीची वाट पाहून राहिल्या होत्या. उरलेल्या बिया मी काढ्यातून वाचवून लावल्या. कडेनं दसऱ्याच्या तोरणासाठी झेंडू लावला.

रोपं लागली. बायको म्हणाली, "आता स्वतः पुण्याला जा आणि पोरीला घेऊन या. आणि मेहेरबानी करा, तिथे विनोद करू नका."

गौरी-गणपती झाले तसा मी रजा काढून निघालो. खंडव्याला गाडी बदलली, पुढे अजून कुठे बदलली ते मला वाचता न आल्यामुळे विचारत विचारत बदलली. पुण्याला पोचलो, हातपाय धुतले, पाटावर बसलो. विहीणबाईंनी ताट पुढे ठेवलं. ताटात सांजा. वर तूप.

"तुम्हाला सांजा फार आवडतो म्हणे," त्या म्हणाल्या. "हे सांगत होते. मुद्दाम केलाय."

पोर दाराशी उभी होती, डोक्यावर पदर. माझ्याकडे पाहिलं आणि ओठ दाबले.

मी खाल्ला. चांगला होता, खोटं का बोलू. त्यांनी परत वाढला. मी परत खाल्ला. तोंड रिकामं झालं तेव्हा म्हणालो, "विहीणबाई, माझी चूक झाली. मी सांजा नव्हतो म्हणालो. संजा. ते भिंतीवर असतं."

"भिंतीवर?"

"हो. शेणानं करतात."

ताटात सांजा, समोर विहीण, आणि मी शेणाची गोष्ट काढली. व्याह्यांनी हातातला घास खाली ठेवला. तरी मी सगळं सांगितलं, फुलं, आरती, उजवणं, सगळं. त्या बिचाऱ्या मन लावून ऐकत होत्या. मग विचारलं, "आणि हे कधी असतं?"

"पितृपक्षात."

त्यांचा चेहराच बदलला. "पक्षपंधरवड्यात नवी सून माहेरी पाठवायची? नाही हो. आमच्यात कोणी घराबाहेर शुभकार्याला पाऊल टाकत नाही तेव्हा. दिवाळसणाला पाठवतो ना. चांगली चार दिवस ठेवून घ्या."

यात त्यांचं काय चुकलं? त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या. मला भांडता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "बरं, मग अजून थोडा सांजा वाढा." सगळे हसले. जिभेला हाड नाही, तिला मी काय करू!

निघताना पोर जिन्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, "गुलबास आला का?"

"आला. आधी मिऱ्या लावल्या होत्या." मी तिला सगळी गोष्ट सांगितली, काढा, लोटा, काकीजी. ती पदर तोंडात धरून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते पाणी काही थांबेना, आणि हसू तर केव्हाच थांबलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "भिंत रिकामी नका ठेवू. यंदा तुम्हीच काढा."

पितृपक्ष लागला. पहिल्या दिवशी कचेरीतून आलो, पगडी काढली, शेण आणलं. गुलबास भरभरून उमलला होता, पिवळा, लाल, एका झाडावर तर दोन्ही रंगांचा. तोडायला सांगणारं कोणी नव्हतं. मी भिंतीसमोर उभा राहिलो. एवढ्या मिशांचा माणूस, शेणाचा गोळा घेऊन.

गल्लीतून जाणारा एक जण थांबला. "क्यों भिया, संजा मांड रिये हो? बढ़िया दूल्हा मिलेगा!"

"मिल गया," मी म्हणालो. "पुण्यात आहे. पण पाठवत नाही."

माझा पंखा कढईसारखा झाला. सातियाचे हात भलतीकडे वळले. तिसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या पोरी यायला लागल्या, मला शिकवायला. "दादाजी, ऐसे नी, वैसे." एकीनं माझं बोट धरून चौपट काढून घेतली. त्यांना मजा होती. बायको आधी उंबऱ्यावर बसून नुसती पाहायची. नवमीला स्वतः उठली. "सरका," म्हणाली आणि डोकरा-डोकरी तिनं काढले. डोकऱ्याला एवढं मोठं नाक आणि झेंडूच्या पाकळ्यांच्या मिशा. पोरी खिदळल्या, "ये तो दादाजी!" डोकरीला तिनं तोंडच काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तिला काही बोलायचं नाही." मग आरती केली. आमच्या दोघांचा आवाज कधीच सुरात नव्हता, त्यात पोरींनी सांभाळून घेतलं.

शेवटच्या दिवशी किल्लाकोट. कोट पोरींनी काढला, गाडी मी मागून घेतली. म्हटलं, जनावर जुंपायचं काम माझं. चाकं केली, बैल केले, आत पिवळ्या गुलबासाची संजा बसवली. सगळे लांब उभे राहून पाहू लागले. काकीजी म्हणाल्या, "अरे भिया! गाड़ी उल्टी जोत दी. संजा सासरे जा री है, ने थने घर आड़ी मुंडो कर दियो!"

खरंच. बैलांची तोंडं आमच्या दाराकडे. देवाशपथ सांगतो, मी मुद्दाम केलं नव्हतं. हातानं केलं. पण आता सगळ्यांसमोर चूक झाली म्हणायचं कसं, जन्माचा मोतद्दार मी. म्हणालो, "राहू द्या. बैल दमलेत, आधी घरी येऊन पाणी पितील." पोरी हसल्या. काकीजी नाही हसल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरींनी संजा खरवडून नदीवर नेली. माझ्या भिंतीचीही नेली. गाडीपाशी आल्या तेव्हा मी म्हणालो, "ती घट्ट चिकटली आहे, निघत नाही." घट्ट वगैरे काही नव्हती.

दसऱ्याला झेंडूचं तोरण लावलं. दिवाळीला पोर आली. कंदील लावला, अंगण सारवलं, बायकोनं रांगोळी काढली, आणि पोर जावयाला सगळं घर दाखवत फिरली, जसं घर मोठं होतं. भिंतीपाशी येऊन थांबली. गाडी वाळून काळी पडली होती, पाकळ्यांचे नुसते डाग. मग म्हणाली, "बाबा, गाडी उलटी आहे."

"मला वाचता कुठे येतं," मी म्हणालो.

ती हसली. काकीजींकडून मूठभर शेण आणलं, बोट ओलं करून माझे बैल पुसले आणि दुसऱ्या टोकाला नवे बैल काढले. तोंडं रस्त्याकडे. गुलबास संपला होता, तिनं झेंडूच्या पाकळ्या लावल्या. हात जोडले. झालं तिचं उजवणं. मी बाजूला लोटा घेऊन उभा होतो, तिच्या हातावर पाणी घातलं.

चार दिवसांनी ती गेली. आणि दिवाळी झाल्यावर आमचं सरकारही निघालं. मध्यभारताचं सरकार अर्धं वर्ष इंदूरला, अर्धं ग्वाल्हेरला. सरकार दर साली माहेरी येऊन राहायचं, माझ्या पोरीला तेवढी सवलत नव्हती. फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर मला पण ग्वाल्हेरला जावं लागलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला परत आलो तर भिंतीवर गाडी नव्हती. बायको म्हणाली, "पोपडा सुटून पडली."

मी वाफ्यात वाकून पाहिलं. काहीच नव्हतं. विचारलं, "पडली तेव्हा बैलांची तोंडं कुठे होती?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घराकडे."