माकणीला जाऊन येतो

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी शरणप्पांनी उमरग्यातल्या घरात हेडफोन कानाला लावला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, “माकणीला जाऊन येतो.”

“या,” त्यांच्या पत्नी गौराबाई आतून म्हणाल्या. “येताना वांगी आणा.”

सहा वर्षांपूर्वी टीव्हीची डिश बसवताना शरणप्पा पत्र्यावरून पडले. कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून गावोगावचे जुने कॉम्प्युटर ते खुर्चीतून, इंटरनेटवरून दुरुस्त करतात. तिकडचा पडदा इकडे दिसतो, तिकडचा बाण इकडच्या माउसनं हलतो. याला ते ‘जाणं’ म्हणतात. अशी अकरा ठिकाणं त्यांच्याकडे होती, सगळी जुन्या विंडोज एक्सपीवर चालणारी. त्यातलं आता एकच उरलं, माकणीतली शिवकन्याची रक्त तपासणीची लॅब. तिचं मशीन एक्सपीशिवाय चालत नाही. आणि ज्यावरून ते असं ‘जातात’ त्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आज रात्री बाराला बंद होणार आहे. नवी एक्सपीवर बसत नाही.

फोनवर शिवकन्या तिच्या पडद्यावरचा जोडणीचा नंबर सांगू लागली. “चारशे एकोणसत्तर...”

“एकेक आकडा सांग, बाई. मागं एकोणसत्तरचं एकोणऐंशी ऐकलं अन् भलत्याच्याच दारात जाऊन उभा राहिलो.”

“तुमचे कान अजून कानडीच हायेत, मामा.”

पडदा उघडला. सवयीनं त्यांनी आधी प्रिंटरची रांग बघितली. रोज तिथं दोन-चार रिपोर्ट अडकलेले असायचे. आज एकही नव्हता.

“मग आज काय अडकलंय?”

“काय न्हाय. एकदा येऊन जावा म्हटलं. उद्या कंपनीचा माणूस नवीन मशीन बसवायला येतोय.”

“त्याला माझी गरज लागंल?”

ती थोडी थांबली. “न्हाय, मामा. त्यांचेच लोक बघतेत.”

शरणप्पांनी पडद्यावर विस्कटलेली चित्रं एका ओळीत लावली. हा कॉम्प्युटर उद्या भंगारात जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी सगळी लावली.

“बरं. जातो.”

रोज ते ‘येतो’ म्हणत.

“मामा, येतो म्हणावं.”

त्यांनी बाण फुलीवर नेला आणि पडदा बंद केला. फोनवर ती अजून होती. त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

“आलात?” गौराबाईंनी विचारलं.

“आलो.”

“वांगी?”

शरणप्पांनी कॉम्प्युटर बंद केला.

उद्या सकाळी साडेनऊला गौराबाई त्यांची खुर्ची रोजच्यासारखी टेबलापाशी लावणार आहेत.