यादीत आमचं गाव नव्हतं

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी लाखांदूर तालुक्यात नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. आमचं गाव गोंदियात गेलं, मी भंडाऱ्यात राहिले. तेव्हा त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. एसटी तीच, धानाचे बांध तेच. पुढे आई गेली, बाबा घरी एकटे पडले, तेव्हा मात्र ती वाटणी माझ्या अंगावर आली. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि लेकीच्या भाड्याच्या खोलीत येऊन राहायला बाबा तयार नव्हते. डोळ्यांत मोतीबिंदू, चुलीवर हात भाजून घ्यायचे. मला गावच्या शाळेत बदली हवी होती, एवढंच.

बदल्या ऑनलाइन झाल्या तेव्हा मी हुरळून गेले. साहेबांच्या दारात ताटकळणं संपलं म्हणायचं! लॉगिन केलं, वर माझं नाव आलं, खाली तालुक्यांची यादी उघडली. त्यात भंडाऱ्याचे तेवढे तालुके. ज्याचं नाव, त्याचाच जिल्हा, त्याच जिल्ह्याच्या शाळा. बाकीचं संगणकाने आधीच गाळलेलं. जिल्ह्याबाहेर जायचा अर्ज वेगळा, आणि तिथे आधी नवरा-बायकोला एकत्र आणतात. बाप-लेकीला कोण विचारतो? माझा नंबर कायम तळाशी.

बाबांना फोनवर हे पटेना. ते अजून पत्ता सांगताना जिल्हा भंडाराच सांगत.

"यादीत आपलं गाव काहून नसन? तुले यायचंच नसन, तं तसं सांग नं बाई."

हे फार लागलं. फोन ठेवून मी रडले. खोलीत 'काय झालं' म्हणून विचारणारं कोणी नव्हतं, त्यामुळे पोटभर रडता आलं.

पुन्हा अर्ज सुरू झाले तेव्हा मी बाबांना घेऊन आले आणि नेट कॅफेत शेजारी बसवलं. यादी उघडली. त्यांना अक्षरं दिसत नव्हती, म्हणून एकेक नाव वाचून दाखवलं. यादी संपली. त्यांनी पडद्याच्या वरच्या कडेला बोट लावलं.

"वर कोनाचं नाव आहे?"

"माझं."

"तुह्या नावानं उघडलं, म्हणून असं दाखवून राहिलं. माह्या नावानं उघड."

"तुमच्या नावानं नाही उघडत, बाबा. मास्तरांच्याच नावानं उघडते."

"मास्तर नसन मी. पन त्या गावचा तं आहो."

कॅफेवाला हसला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बाहेरच गेला. काहीतरी निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. मी गोंदियाच्या हद्दीजवळची एक शाळा काढली आणि बाबांना तिचं नाव सांगितलं.

"तिथून आपलं गाव दिसते?"

"नाही दिसत."

"मंग कोनतीबी टाक," ते म्हणाले आणि पिशवी उचलून बस पाहायला बाहेर गेले.