काळी वाटी राहून गेली

मागच्या पोस्टमधली एक चूक आधी दुरुस्त करते. आमच्या लॅबमधली भट्टी म्हणजे 'घरातलाच मायक्रोवेव्ह, फक्त थोडा मोठा' असं मी लिहिलं होतं... ते खरं नाही. कृपया कुणीही घरी करून बघू नका.

मी तामलवाडीहून सोलापूरला लॅबमध्ये जाते. मोबाईलमध्ये, टीव्हीत कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे बारके भाग, असतात ना, तशांसाठी सिरॅमिकच्या बारीक चकत्या आम्ही मायक्रोवेव्ह भट्टीत भाजतो. साध्या भट्टीपेक्षा कितीतरी लवकर होतात... त्या कौतुकात मी लिहून गेले.

परवा ईट गावाहून मामांचा फोटो आला. मामा तिथं शाळेत विज्ञान शिकवतात. मी शाळेत जायच्या आधी मलाही घरी त्यांनीच शिकवलं.

फोटोत कुणाच्या तरी घरचा मायक्रोवेव्ह, आत मातीची वाळलेली चकती, आणि काचेला नाक लावून उभी असलेली पोरं. खाली लिहिलेलं, 'तापंना. उद्या जास्त वेळ ठेवून बघतो.'

लगेच फोन लावला.

मामांना सांगितलं, चकती थंड असताना मायक्रोवेव्हच्या लहरी जवळजवळ शोषून घेतच नाही. आम्ही तिच्याभोवती सिलिकॉन कार्बाइडची काळी वाटी ठेवतो. ती थंड असतानाही लहरी घेते, म्हणून आधी वाटी तापते, तिच्या धगीनं चकती तापते, मग कुठं ती स्वतः लहरी घेऊ लागते. आमच्या भट्टीला त्यासाठी जाड अस्तर असतं. घरचा ओव्हन रिकाम्यासारखाच चालतो, लहरी त्याच्यावरच उलटतात; तसाच चालू ठेवला तर पेटायचा... आणि पोरं समोर.

मामा म्हणाले, "पोरांना मी सांगितलं व्हतं, माझ्या भाचीनं लिहिलंय म्हंजे खरंच असंल."

पुढं म्हणाले, "वाटीचं नावच घेतलं न्हाईस की माय तू." आणि वर, "माझंबी न्हाय."

ते हसत होते. मी फोन ठेवून पोस्ट परत वाचली. माझी चकती, माझा प्रयोग, माझी मेहनत... सगळीकडं मीच.

ओव्हन ज्याचा त्याला परत गेलाय. पोरांशी फोनवर बोलते म्हटलं, तर मामा म्हणाले, समोर येऊन सांग. लॅबमधल्या सरांना विचारून एक वापरलेली वाटी आणि दोन चकत्या मागून घेतल्यात, एक कच्ची, एक भाजलेली.

आधी वाटी दाखवणार, मग चकत्या. आणि मला पहिल्यांदा कुणी शिकवलं, तेही त्यांच्यासमोरच सांगणार... येत्या शनिवारी, सकाळच्या शाळेला.