बियाण्याच्या मिरच्या

मार्च संपत आला की भिवापूरकडच्या एका खेड्यातून एक बाई आमच्याकडे वर्षाची मिरची घेऊन यायची. एसटीने नागपूरला उतरायची आणि स्टँडपासून घरापर्यंत डोक्यावर पोतं घेऊन पायीच यायची. ऑटोवाले तिला घेत नसत, कारण चार चौक गेले की सगळा ऑटो शिंकायला लागायचा. तिच्या शेतातली मिरची बोटाच्या दोन पेरांएवढी, पण तिखट इतकी की पोतं सोडताच शेजारच्यांच्या खिडक्या लागत.

आई तेव्हा आमच्याकडेच राहायची आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. मी शाळेत शिकवायचे, आयतं जेवायचे आणि नावं ठेवायचे. तोलून झालं, चहा झाला, की त्या दोघी पोर्चमध्ये पोतं पालथं करून देठ खुडायला बसत. खुडता खुडता ती बाई मधेच एखादी मिरची उचलायची, उन्हात धरून बघायची आणि पदरात टाकायची. संध्याकाळपर्यंत पदरात दोन ओंजळी मिरच्या जमत आणि त्या ती परत घेऊन जायची.

"काहून वं, विकलेला माल वापस घेऊन चालली का?" आई दर वर्षी तिला चिडवायची.

"तुमच्यासाठीच नेऊन राहिली ना बाई. याचं बी धरतो. पुढच्या सालची मिरची यातूनच येते."

एवढी निवड ती घरी का करत नव्हती, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, घरी सगळ्याच चांगल्या दिसतात, एकेक हातात येते ती इथेच. शिवाय ज्यांनी खायची त्यांच्या घरातून बी गेलेलं बरं असतं. मला तेव्हा हे भाबडं वाटलं. आईला मात्र त्यात काही विशेष वाटत नव्हतं. उलट एखादी चांगली मिरची तिलाच दिसली तर ती हाक मारून दाखवायची, "हे पाय वं, हे ठेव."

आई गेली आणि घर माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच उन्हाळ्यात मी त्या बाईबरोबर देठ खुडायला बसले आणि रात्रभर हाताची आग झाली. कांडायच्या मशीनवर तासभर रांग, परत येईपर्यंत डोळ्यांतून पाणी. त्यात आमच्याकडे पाहुणे आले, त्यांनी रस्सा खाल्ला आणि म्हणाले, चव आहे, पण तर्री काही लालभडक नाही. मला ते फार लागलं. नागपुरात माणसाला काहीही म्हणा, तर्रीला नाव ठेवू नका.

पुढच्या मार्चमध्ये मी त्या बाईला दारातच सांगितलं, "मावशी, ही बारकी मिरची आता नको. मोठी, लांब, लाल येते ना, ती लावा. खुडायलाही सोपी. लोक आता रंग बघतात."

ती पोत्यावर हात ठेवून म्हणाली, "ते मोठी मिरची औषीद लय मागते जी ताई. आठ आठ दिवसाले फवारा लागते. अन् बी दरसाली दुकानातूनच आणा लागते."

"मग आणायचं," मी म्हणाले. शिक्षिकेची जीभ, सल्ला द्यायला वेळ लागत नाही.

त्या दिवशी आमच्या पोत्यातून तिने किती मिरच्या बाजूला काढल्या, हे मी पाहिलंही नाही. पण पुढच्या वर्षी तिने खरंच मोठी मिरची आणली. लांबलचक, चकचकीत, लाल. देठ तासाभरात खुडून झाले. तिखट मात्र नावालाच होतं, आणि वास कोरड्या पानांसारखा. त्या वर्षी मी कुरकुरत ते संपवलं आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिला फोनवर सांगितलं, मावशी, येऊ नका, आम्ही आता पाकीट आणतो. माझ्या सांगण्यावरून तिने पीक बदललं आणि बदललेला माल मीच नाकारला. इतकी वर्षं झाली, मला याची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

आता आमच्या वस्तीत दर रविवारी नैसर्गिक शेतमालाचा बाजार भरतो. गुडघे दुखायला लागल्यावर आणि डॉक्टरांनी दोन शब्द सुनावल्यावर मीही कापडी पिशवी घेऊन तिथे जायला लागले. गेल्या वर्षी एका टेबलावर 'अस्सल भिवापुरी' असं लिहिलेली मिरची दिसली. घरी आणून फोडणीत टाकली. कोणी शिंकलं नाही. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले. जिभेला जे आठवत होतं ते आता कुठे असेल तर एकाच शेतात असेल, असं वाटलं आणि दुसऱ्या रविवारी उमरेडमार्गे तिच्या गावी गेले.

ती थकली होती, पण तिने मला लगेच ओळखलं. जेवायला बसवलं. भाजीला रंग छान होता. जेवण होईपर्यंत मला धीर नव्हता.

"मावशी, ती जुनी बारकी मिरची. थोडं बी असेल ना? मी घेईन सगळी. वर्षाची घेईन, बहिणींनाही सांगेन."

"नाई जी ताई. नाई राहिलं."

"कुठेच?"

"गावात कोणापाशीच नाई." तिने माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. "मोठी लावाले लागली तरी तीन सालं मी दोन वाफे त्याच मिरचीचे लावले. तुमच्यासाठी. म्हटलं, ताई आज नाई म्हणून राहिली, पण तिच्या मायची पोरगी हाय, जीभ कुठं जाईन. एक दिवस फोन करन. मग चवथ्या साली म्हटलं, कोणाच्या आशेनं ठेवू? ते बियाण्याच्या मिरच्या कुटल्या अन् आमीच खाऊन टाकल्या."

तिने पाण्याचा गिलास माझ्याकडे सरकवला.

"तुमी फोन काहून नाई केला?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"विसरले," मी म्हणाले. ते खोटं होतं. मी तिला विसरले नव्हते. शाळेतून येताना वाटेतच दुकान होतं, आणि तिथे पाकीट मिळत होतं.