आईने सोडलेला पाव

“तुम्हाला सीलिॲक डिसीज आहे,” नेरुळच्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मला चक्क हायसं वाटलं. कित्येक वर्षं पोट फुगत होतं, रक्त कमी भरत होतं, आणि महाप्याच्या ऑफिसात जो तो ‘टेन्शन कमी घे’ सांगत होता. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात ते खाल्लं की आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते. औषध नाही. गहू जन्मभर बंद.

“हा घराण्यात असू शकतो,” त्या म्हणाल्या. “आईवडील, भावंडं, सगळ्यांची तपासणी करा. त्रास नसला तरी.”

वडील नाहीत, भावंडं नाहीत. राहिली आई, उरणजवळच्या आमच्या गावात एकटी राहणारी. तिचंही रक्त कायम कमी, तोंड सारखं आलेलं, पोट नाजूक. गावात त्याला बाईमाणसाचं दुखणं म्हणतात आणि विषय संपतो.

काही महिन्यांनी, माझ्या अंगात जरा ताकद आल्यावर तिला नेलं. टीटीजी नावाची रक्ताची तपासणी असते, ती केली. रिपोर्ट निगेटिव्ह. त्या आनंदात मी तिला पापलेट खाऊ घातलं.

रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “आजी, गव्हाचं काय काय खाता?”

“काय नाय. तांदलाची भाकरी नि म्हावऱ्याचं कालवन.”

“आधीपासून असंच?”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. “पाव खायची, दोन टायम चायसंगं. एकवीरेला नवस बोलले, लेक बरी होईपर्यंत पावाला हात लावनार नाय.”

आमच्याकडे घरात कुणी आजारी पडलं की दुसरं कुणीतरी आपली आवडती वस्तू सोडतं, आणि बोलून दाखवत नाही. आईची चैन एकच होती, सायकलवरून येणारा ताजा पाव. तो तिने माझ्यापायी सोडला होता, आणि मला पत्ता नव्हता.

डॉक्टर म्हणाल्या, गहू पोटात जात नसेल तर या रिपोर्टवर विसंबता येत नाही. काही आठवडे रोज पाव-चपाती खाऊन पुन्हा तपासायचं. मी वाद घातला, खात नाहीये ना, मग राहू दे. “नवस फिटल्यावर पुन्हा खातीलच ना?” त्या म्हणाल्या. “आजार असेल तर हाडं ठिसूळ होतात, तीही तपासावी लागतील.”

देवीपुढे नारळ ठेवून, माफी मागून आई माझ्या घरी आली. रोज सकाळी मी तिला माझ्या हाताने पाव देत होते. सुरुवातीला ती डोळे मिटून, चवीने खायची. मग पोट फुगायला लागलं, जुलाब सुरू झाले. डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या, झेपत असेल तर अजून थोडं. आई तरीही ताटली पुढे करायची. मी ओट्याकडे तोंड करून रडायचे. माझ्यापायी तिने पाव सोडला, आणि आता मीच तो भरवून तिला आजारी पाडत होते.

या वेळी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मग एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढतात. त्यातही तेच निघालं.

तुमच्या घरात कुणाला हा आजार निघाला, तर बाकीच्यांनी तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. प्रेमाने नको, नवसानेही नको. आणि म्हाताऱ्या माणसांना नीट विचारा, ती आपणहून सांगत नाहीत.

घरी येताना रिक्षात आई म्हणाली, “माज्याकडूनच आलं ना तुला?” मी तिचा हात धरला. मला वाटलं होतं, अपराधी मी एकटीच आहे.

आता आम्ही दोघीही भाकरी खातो. परवा मी पीठ मळत होते, तेव्हा तिने विचारलं, “तू पुरी बरी कदी होनार?”

“हा आजार जात नाही, आई. जन्माचा आहे.”

“मंग माजा नवसबी जन्माचा. गावात कुनी इचारलं तर सांगीन, आजार बिजार काय नाय, पाव मी लेकीसाठी सोडलाय.”

मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले.