इंजिनाच्या नाकात अंगारा

तंजावुरात स्पोर्ट्स कार ठेवणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. टाउन बस, रिक्षा, दुचाक्या आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेल्या गाई यांच्यातून वाट काढताना काटा चाळिसाच्या वर जात नाही. तरी मी ठेवली आहे. लाल, दोन माणसांची, सेकंडहँड. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पन्नाशीच्या बाईला असली गाडी कशाला, असं कुणी विचारलं की मी सांगते, "मला आवडते म्हणून." पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

अडचण अप्पांची होती, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांची सगळी नोकरी सरकारी जीपमधून कालवे बघत फिरण्यात गेली, आणि जीपला काय झालंय ते बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून सांगायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. मशीन आणलं, ते त्यांनी आठवड्याभरात कपाटात टाकलं. पंखा, भांडी, रस्ता, सगळं एकदम डोक्यात घुसतं म्हणे. मग हळूहळू त्यांनी बोलणंही सोडलं. माझ्या सांबारापासून माझ्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांना नावं ठेवणारा माणूस पानावरून मुकाट्याने उठायला लागला. मला ते सहन होईना. फार राग यायचा, आणि तो काढायचा कुणावर तेच कळायचं नाही.

माझ्या गाडीत ते एकदाच बसले होते. मी इंजिन सुरू करून गिअर टाकणार, तेवढ्यात म्हणाले, "चालू कर की गे आधी." ती चालूच आहे हे त्यांना काही केल्या पटेना. शेवटी उतरून घरात गेले आणि पुन्हा म्हणून तिच्याकडे फिरकले नाहीत.

कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज बरेच दिवस टिकतात. तेव्हा मी ठरवलं, गाडीलाच जाड आवाजात बोलायला लावायचं. अप्पा परत बोलते व्हावेत, एवढंच मला हवं होतं.

आमचा मेकॅनिक म्हणाला, हे सोपं आहे. कंपनीने इंजिनाचं नाक एका डब्यात कोंबलेलं असतं, म्हणून ते गुपचूप श्वास घेतं. डबा काढायचा, उघडा फिल्टर आणि रुंद पाइप बसवायचा, आणि इंजिनाची गरम हवा त्यात जाऊ नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा करायचा. "पण मेडम, पिकप थोडाच वाढेल. सत्तमच जास्त." सत्तम म्हणजे आवाज. मी म्हटलं, मला सत्तमच हवा आहे.

पार्सल आलं ते नेमकं खंडेनवमीच्या सकाळी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते; पाने, स्क्रूड्रायव्हर, विळी, अख्ख्या गावातल्या गाड्या, कुणी सुटत नाही. आणि एकदा का वस्तू देवापुढे ठेवली की दसऱ्याच्या पुनर्पूजेपर्यंत तिला हात लावायचा नाही. मी आंघोळ करून येईपर्यंत अप्पांनी खोकं फोडून फिल्टर, पाइप आणि माझी सगळी हत्यारं चौरंगावर मांडून टाकली होती. मी कपाळाला हात लावला. पण त्यांनी पाइप उचलून डोळ्याशी धरला, आतून बोट फिरवलं, आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडावर कुतूहल दिसलं. मग मीही फुलं आणायला गेले.

दसऱ्याला पूजा उतरवली. मेकॅनिकने घरी येऊन सगळं बसवलं आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. अप्पा स्वतःहून धोतर सावरत गाडीत बसले. मी चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत इंजिन मेलं.

"बंद पडली," अप्पा म्हणाले. या वेळी त्यांचं बरोबर होतं.

मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं. आता उतरले की हे पुन्हा बसायचे नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने मेकॅनिकला फोन लावला.

तो अर्ध्या वाटेवरून परतला. पाइप सोडवून त्याने आत बघितलं, आणि बोट बाहेर काढलं ते पांढरंशुभ्र. अंगारा! पाइपाच्या आत, वरून खालपर्यंत, तीन तीन बोटांचे पट्टे. हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरवर त्याचा थर बसला होता.

मी अप्पांना तो पाइप दाखवला. त्यांना काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. "वारा आंतून जातो नव्हें? बाहेर लावून काय उपेग?"

मेकॅनिक फिल्टर झटकत हसत सुटला; अप्पांना तो थात्ता, म्हणजे आजोबा, म्हणतो. पाइप पुसला, सेन्सरवर फवारा मारून तो वाळू दिला आणि म्हणाला, "थात्तांचं म्हणणं बरोबर आहे, मेडम. फक्त इंजिनाला पटलं नाही."

मी ओरत्तनाडूचा रस्ता धरला. गाव मागे पडल्यावर पाय दाबला, आणि बॉनेटखालून असा घोगरा, भरघोस आवाज उठला की सीट थरथरली. अप्पा ताठ झाले. त्यांनी डॅशबोर्डवर तळहात टेकला. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पळत होती. मी आणखी पाय दाबला.

"अय्यो, तिसरा टाक की गे!" ते ओरडले. "किती ताणतेस? तुला गाडी शिकवलें कोण?"

त्यांनीच शिकवली होती. माझे डोळे भरून आले, आणि ते मला रागावतच राहिले. गिअरवरून, क्लचवरून, मग कसल्याशा संबंधाने सकाळच्या सांबारावरूनही. मी पुढच्या गावापर्यंत गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये ठेवली.